जुन्या गाडीचा हॉर्न आणि त्याची वायरिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात माझं मोटरसायकलींच्या वायरिंगचं छोटं दुकान आहे. बाजाराच्या दिवशी हमखास कोणीतरी हातात नवा हॉर्न घेऊनच येतो. "भाऊ, एवढा बसवून द्या." मी बसवतो, बटन दाबतो, हॉर्न शांत. मग जुना हॉर्न बॅटरीला थेट लावून दाखवतो, तो पोंऽऽ करून वाजतो आणि गिऱ्हाइकाचं तोंड उतरतं. हॉर्न विकत घेण्याआधी वायर तपासा, एवढंच माझं म्हणणं आहे. खालचे प्रश्न लोक ज्या भाषेत विचारतात, जवळपास त्याच भाषेत ठेवले आहेत.

हॉर्न एकदमच बंद आहे. सुरुवात कुठून करा लागते?

किल्ली फिरवा आणि इंडिकेटर, ब्रेक लाइट लागतो का ते पाहा. तेही बंद असतील तर हॉर्नला हात लावू नका. फ्यूज पाहा, बॅटरीचे दोन्ही टोक पाहा. बॅटरीच्या टोकावर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा टाकून धुवा, पुसा, घट्ट आवळा. इंडिकेटर नीट लागत असतील आणि फक्त हॉर्न मुका असेल, तर बिघाड हॉर्न, बटन आणि त्यांच्यामधल्या दोन वायरींतच आहे.

गाडी पहिल्या किकमध्ये चालू होते, हेडलाइट झक्क लागतो. म्हणजे बॅटरी चांगलीच असन ना?

नाही. हा गैरसमज मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. जुनी स्प्लेंडर घ्या किंवा यामाहाची आरएक्स १००, या गाड्यांची ठिणगी आणि हेडलाइट दोन्ही मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागावर चालतात, बॅटरीवर नाही. बॅटरी पार मेलेली असली तरी किक मारली की गाडी चालू होते आणि रेस दिली की उजेड पडतो. बॅटरीवर असतात हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेक लाइट. त्यामुळे बॅटरी गेल्याचं गाडी सांगते ती हॉर्नच्या तोंडूनच. कित्येक जण दोन-दोन वर्षं मेलेली बॅटरी घेऊन फिरतात आणि दोष हॉर्नला देतात.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरीवर मीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर भरलेली, १२ च्या खाली असेल तर रिकामी समजा. गाडी चालू करून रेस द्या, आकडा १३.५ ते १४.५ च्या दरम्यान गेला नाही तर चार्जिंगचं पाहावं लागेल. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो. पाणी टाकायच्या बॅटरीचं पाणी त्या दिवसांत भराभर उडतं. खुणेपर्यंत डिस्टिल्ड पाणी टाका, विहिरीचं नको.

मीटर नाही माझ्याजवळ. घरच्या घरी तपासता येते का?

येतं, आणि मीटरपेक्षा चांगलं येतं. १२ व्होल्ट, २१ वॅटचा एक बल्ब घ्या, त्याला हातभर लांब दोन वायरी सोल्डर करा. झालं तुमचं हत्यार. हा बल्ब साधारण पावणेदोन अँपिअर करंट ओढतो, म्हणजे गाडीच्या लहान हॉर्नएवढाच. म्हणून त्याची साक्ष खरी. आतून तुटत आलेल्या वायरीत तांब्याची एकच काडी शिल्लक असली तरी मीटर बिनधास्त १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंट ओढतच नाही. बल्बाला मात्र ती काडी पुरत नाही, तो मिणमिणतो किंवा लागतच नाही.

आता तपासणी. हॉर्नच्या दोन्ही वायरी काढा, त्या दोघींच्या मध्ये बल्ब धरा, किल्ली सुरू करून बटन दाबा. बल्ब लख्ख लागला तर वायरिंग बरोबर, हॉर्न खराब. मिणमिणला तर वायरीत, जोडात किंवा बटनात अडथळा. लागलाच नाही तर पुढचा प्रश्न वाचा.

बल्ब लागला नाही. आता?

आधी तुमच्या गाडीत बटन करंट सोडतं की अर्थ देतं, हे ओळखा. अर्थ (अर्थिंग) म्हणजे गाडीच्या लोखंडी बॉडीतून बॅटरीच्या ऋण टोकाकडे जाणारी परतीची वाट. दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत हॉर्नपर्यंत करंट किल्लीवरून थेट येऊन उभा असतो आणि बटन दुसऱ्या वायरीला फक्त अर्थ देतं. दुसऱ्या पद्धतीत हॉर्नची एक वायर कायम अर्थला असते आणि बटन करंट पाठवतं.

बल्बाचं एक टोक चेसिसच्या रंग नसलेल्या लोखंडाला किंवा इंजिनच्या बोल्टला टेकवा. किल्ली सुरू, बटन सोडलेलं. दुसरं टोक हॉर्नपासून काढलेल्या दोन्ही वायरींना आळीपाळीने लावा. एकीवर बल्ब लागला तर पहिली पद्धत, आणि करंट इथवर पोचतो आहे. म्हणजे दोष बटनाकडे. एकीवरही लागला नाही तर बल्ब तसाच धरून बटन दाबा. आता लागला तर दुसरी पद्धत, करंट येतो आहे, तुटली आहे ती अर्थ. दाबूनही लागत नसेल तर करंटच येत नाही. हेडलाइटच्या डोममधले (वाटीतले) कपलर, म्हणजे वायरी जोडणारे प्लास्टिकचे सॉकेट, उघडावे लागतील.

पहिल्या पद्धतीच्या गाडीत एक सोपी युक्ती आहे. दोन्ही वायरी हॉर्नला परत लावा आणि बटनाकडची पिन एका तुकड्याने बॉडीला टेकवा. हॉर्न वाजला तर हॉर्न चांगला, करंट चांगला, बिचारं बटन किंवा त्याची अर्थ गेली आहे. पद्धत ओळखल्याशिवाय मात्र ही युक्ती करू नका. चुकून करंटची वायर बॉडीला लावली की फ्यूज उडालाच.

बटन खोलायचं कसं? आतलं सामान उडून जाते म्हणतात.

उडतं. मी शिकाऊ असताना स्प्रिंग उडून शेजारच्या पंक्चरवाल्याच्या पाण्याच्या घमेल्यात पडली होती, संध्याकाळपर्यंत सापडली नाही. म्हणून हँडलखाली जुनं धोतर किंवा गमछा अंथरा आणि मगच डाव्या मुठीजवळच्या स्विचचे दोन स्क्रू सोडा. दोन्ही अर्धे सावकाश वेगळे करा. हॉर्नच्या बटनामागे एक छोटी स्प्रिंग असते आणि तांब्याची किंवा पितळेची पट्टी. चांगली पट्टी सोनेरी दिसते. आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांत ती काळी ठिक्कर असते, कडेला हिरवट पूड, आणि काळ्या मातीची बारीक धूळ आत पिठासारखी बसलेली.

ती धूळ जुन्या टूथब्रशने झाडा. पट्टी आणि समोरचा ठिपका, दोन्ही अगदी बारीक पॉलिश पेपरने घासा. लोखंडी कानस नको, पट्टी झिजते. वायर पट्टीला जिथे सोल्डर केलेली असते तो जोड हलवून पाहा. निम्म्या गाड्यांत तोच सुटलेला असतो. शेवटी व्हॅसलीनचा हात फिरवल्यासारखा पातळ थर द्या. ऑइल ओतू नका. ऑइलवर धूळ चिकटते आणि पुढच्या हंगामात तुम्ही परत इथेच.

हँडल डावीकडे वळवलं का वाजते, सरळ केलं का बंद. असं काऊन?

हँडलच्या मानेजवळ, टाकीच्या पुढे, सगळी वायरिंग वळते. वीस वर्षं रोज हजारदा वाकली की वरचं प्लास्टिक शाबूत आणि आतलं तांबं तुटलेलं असतं. वायर बोटांत धरून थोडी थोडी ओढत जा; जिथे ती रबरासारखी ताणली जाईल तिथे आतून तुटलेली आहे.

दुसरं कारण जुन्या गाड्यांत सापडतं. बटनाची अर्थ हँडलच्या लोखंडातूनच घेतलेली असेल तर करंटाला हँडल, मग ग्रीस भरलेले मानेचे छर्रे, मग चेसिस असा प्रवास करावा लागतो. ग्रीसमधून करंट नीट जात नाही. हँडल रंगवून आणलं आणि हॉर्न बंद झाला, ही तक्रारही याच जातीची. क्लॅम्पखाली रंग बसला की अर्थ संपली. उपाय: बटनाच्या अर्थपासून चेसिसपर्यंत एक वेगळी वायर टाका, थिंबल (टोकाची धातूची कडी) लावून, खालचा रंग खरवडून, बोल्टखाली आवळून. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळेल एवढी ढील ठेवा.

किल्ली फिरवली का हॉर्न आपोआप सुरू होते. बटनाले हातबी लावला नाही!

अर्थ देणाऱ्या बटनाच्या गाडीतलं हे नेहमीचं दुखणं. बटनाकडे जाणारी वायर कुठेतरी सोलून बॉडीला टेकली आहे. गाडीला वाटतं बटन दाबलेलं आहे. सोलण्याच्या जागा ठरलेल्या: हेडलाइट डोमच्या मागच्या भोकाची धार (तिथलं रबर कधीच गळून गेलेलं असतं), मानेजवळचा वळसा, आणि टाकीखाली जिथे वायर चेसिसच्या कडेवर बसते. कधी बटनच आत अडकलेलं असतं, ते आधी पाहा.

लग्नाच्या मांडवासमोर किंवा शाळेपुढे असं झालं तर हॉर्नवरची बटनाकडची वायर ओढा आणि टेप गुंडाळा. कोणती ओढायची? करंटाची नको, ती मोकळी लटकली आणि बॉडीला लागली तर फ्यूज जातो. कोणती कोणती हे कळत नसेल तर किल्ली बंद करून काढा आणि दोन्ही टोकांना टेप मारा.

वायरींचे रंग कसे ओळखायचे?

होंडाच्या घराण्यातल्या गाड्यांत, म्हणजे हिरो होंडा सीडी १००, स्प्लेंडर वगैरे, काळी वायर म्हणजे किल्लीनंतरचा करंट, हिरवी म्हणजे अर्थ आणि पोपटी म्हणजे हॉर्न. यामाहात तपकिरी म्हणजे किल्लीनंतरचा करंट, काळी म्हणजे अर्थ, गुलाबी म्हणजे हॉर्न. वाचलंत? एकीकडे काळी म्हणजे करंट, दुसरीकडे तीच काळी म्हणजे अर्थ. मी आरएक्स १०० वर शिकलो. पहिल्यांदा स्प्लेंडर हातात आली तेव्हा काळी वायर सवयीने चेसिसला आवळली आणि लागोपाठ तीन फ्यूज उडवले. उस्ताद काही बोलले नाहीत, फक्त तिन्ही फ्यूजचे पैसे मजुरीतून कापले.

तरी वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत रंगावर विसंबू नका. मध्ये किती हात लागले असतील देव जाणे. घराच्या फिटिंगची लाल वायर, टेपरेकॉर्डरची वायर, एकदा तर फवारणी पंपाची वायर हॉर्नला लावलेली पाहिली आहे. बल्ब सांगेल ते खरं.

फ्यूज सारखा उडते. सिगारेटच्या पाकिटाची चांदी लावली तं चालते का?

चालते, म्हणूनच धोक्याची. फ्यूज उडतो कारण कुठेतरी करंट सरळ बॉडीला जातो आहे. चांदी लावली की फ्यूजऐवजी वायर तापते, शेजारच्या चार वायरींचं प्लास्टिक वितळतं आणि पूर्ण हार्नेस, म्हणजे वायरींचा सगळा जुडगा बदलायची वेळ येते. वर पेट्रोलची टाकी असते, हेही ध्यानात असू द्या.

शॉर्ट शोधायला तोच २१ वॅटचा बल्ब फ्यूजच्या जागी लावा. किल्ली सुरू केल्यावर बल्ब लख्ख लागला म्हणजे शॉर्ट आहे. आता एकेक करून वायरिंग हलवा, कपलर सोडा. ज्या क्षणी बल्ब मंद होईल किंवा विझेल, ती जागा धरा. न्यूट्रलच्या लाइटमुळे बल्ब जरासा लालसर राहू शकतो, तेवढं सोडून द्या. शॉर्ट निघाला की फ्यूज होता त्याच अँपिअरचा टाका.

वाजते, पण आवाज बसल्यासारखा आहे.

आधी बॅटरी, मग जोड, मग हॉर्न, हा क्रम सोडू नका. दोन अँपिअर करंटाच्या वाटेत अर्ध्या ओमचा गंज असला तरी एक व्होल्ट खाऊन टाकतो, आणि असे तीन-चार गंजके जोड असतात. मीटर असेल तर बटन दाबून बॅटरीच्या धन टोकापासून हॉर्नच्या करंटाच्या पिनपर्यंत मोजा, नंतर हॉर्नच्या दुसऱ्या पिनपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत. कुठल्याही बाजूला अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर त्या बाजूचे जोड साफ करा. हॉर्न आत चालू-बंद होत असतो, त्यामुळे आकडा नाचतो, अंदाज घ्यायचा.

वायरिंग निर्दोष असेल तरच हॉर्नच्या मागच्या छोट्या स्क्रूला हात लावा. या स्क्रूने आतल्या पॉइंटची, म्हणजे करंट चालू-बंद करणाऱ्या टोकांची फट बदलते. एका वेळी पाव फेरा, मग बटन क्षणभर दाबून ऐका. आवाज खुलला तिथे थांबा. जोरात फिरवून बसवला तर पॉइंट चिकटतात आणि कॉइल तापून जळते.

हॉर्न कशावर टांगला आहे तेही पाहा. पातळ पत्र्याच्या पट्टीवर तो मोकळा लोंबला पाहिजे, ती पट्टी हलते म्हणून आवाज निघतो. कोणी जाड अँगलला घट्ट कसला, किंवा त्याची कड लेगगार्डला टेकली, तर चांगला हॉर्नही दबतो. कर्ण्याच्या हॉर्नमध्ये कुंभारीण माशी चिखलाचं घर करते. असे कर्णे मी दरवर्षी दोन-चार तरी तारेने साफ करतो.

पावसात किंवा गाडी धुतल्यावर बंद पडते, उन्हात ठेवली का सुरू. बदलावा का?

नको. बटनात किंवा कपलरमध्ये पाणी जातं. प्रेशरच्या पाण्याने धुताना डाव्या मुठीवर आणि हेडलाइटच्या मागे थेट मारा करू नका. हॉर्न वर तोंड करून बसवलेला असेल तर पाणी साचतं. तोंड थोडं खाली झुकवा. पांदणीतला चिखल हॉर्नवर वाळू देऊ नका, ओला असतानाच पुसा.

उंदरांनी वायरी कुरतडल्या. जोड कसा द्यायचा?

कापूस घरात आला की उंदीर येतात आणि गाडी त्याच खोलीत उभी असते. कापसाच्या गंजीपासून गाडी दूर ठेवली तर निम्मं काम झालं. जोडासाठी बहुतारी, गाडीचीच वायर वापरा. घराच्या फिटिंगची एकतारी वायर इंजिनच्या थरथरीने महिन्या-दोन महिन्यांत तुटते. वायर पिळा, सोल्डर करा, वरून तापवून आवळणारी नळी चढवा. नुसती काळी टेप आमच्या उन्हात टिकत नाही. डिंक वितळून ती गुळासारखी घसरते आणि जोड उघडा पडतो.

माझी राजदूत सहा व्होल्टची आहे. बारा व्होल्टचा हॉर्न चालन का?

चालणार नाही, फार तर टक्क करेल. उलट, सहाचा हॉर्न बारावर लावला तर आधी मोठ्याने वाजेल आणि मग जळेल. सहा व्होल्टच्या गाडीत तेवढ्याच ताकदीसाठी दुप्पट करंट लागतो, म्हणून तिचे जोड आणि अर्थ जास्तच स्वच्छ हवेत. बॅटरी नसलेल्या जुन्या मोपेडचा एसी (थेट मॅग्नेटोच्या करंटावर चालणारा) हॉर्नही बॅटरीवर चालत नाही.

रस्त्यावर रोही (नीलगाय) आडवे येतात, मोठा डबल हॉर्न बसवून घ्यावा म्हणतो.

बसवा, पण रिले लावून. रिले म्हणजे बटनाच्या लहान करंटावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, त्याच्या पिनांवर नंबर असतात. डबल हॉर्नचा करंट जुन्या बटनातून नेला तर पट्टी जळते. रिलेच्या ३० नंबरला बॅटरीवरून फ्यूजमधून येणारी जाड वायर, ८७ वरून हॉर्न, हॉर्नचं दुसरं टोक चेसिसला. अर्थ देणाऱ्या बटनाच्या गाडीत ८६ ला किल्लीनंतरचा करंट आणि ८५ ला बटनाची वायर. बटन करंट सोडणारं असेल तर ८६ ला बटन आणि ८५ ला अर्थ.

गाण्याचे, सूर बदलणारे, कर्कश हॉर्न केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ११९ प्रमाणे चालत नाहीत. विनाकारण किंवा शांतता क्षेत्रात हॉर्न वाजवल्यास मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४-एफ खाली पहिल्यांदा १,००० आणि पुन्हा सापडल्यास २,००० रुपये दंड आहे. आणि रोह्याचं म्हणाल तर माझा अनुभव असा की तो हॉर्न ऐकून कधी पळतो, कधी नेमका गाडीकडेच उडी घेतो. तुरीच्या वावराजवळून रात्री जाताना वेग कमी ठेवा.

दुकानात गाडी आणताना काय सांगावं?

कधी बंद पडतो ते सांगा: पावसात, हँडल वळल्यावर, सकाळी, की कायमचाच. आधी कोणी काय बदललं तेही सांगा. गाडी धुवून आणू नका. धूळ कुठे बसली आहे आणि पाणी कुठून आत गेलं आहे, हे मला न धुतलेल्या गाडीवरच दिसतं. नवा हॉर्न घेतलाच असेल तर त्याची चिठ्ठी जपून ठेवा. लागला नाही तर परत करता येईल.